मगदान व्हाया डायनिंग टेबल

तीन मराठी माणसांनी एकत्र कुठे जायचं ठरवलं की ती निघत नाहीत. आधी समिती स्थापन होते. आमचीही झाली. ठरलं होतं एवढंच, की रशियाच्या पार पूर्वेकडे, याकुत्स्कपासून ओखोत्स्क समुद्रावरच्या मगदान बंदरापर्यंत सुमारे २,००० किलोमीटरचा जो कोलिमा महामार्ग जातो, तो मोटारसायकलवरून पार करायचा. का? तर लडाखला आता कुणीही जातं. आमच्या डेंटिस्टनेही लडाख केलं आहे, आणि आपल्या तोंडात त्याचं अवजार असताना, म्हणजे आपल्याला बोलता येत नसतं तेव्हाच, तो ते सविस्तर सांगतो.

बँकेतून निवृत्त झालेल्या मित्राने खजिनदारपद आपणहून घेतलं. दुसऱ्याने मागितलेल्या पैशाला 'बघू' म्हणण्याचा त्याला चाळीस वर्षांचा अनुभव. दुसरा मित्र तांत्रिक सल्लागार झाला. त्याच्याकडे जुनी बुलेट आहे. ती चालताना कुणी पाहिलेली नाही, पण उघडलेली सगळ्यांनी पाहिली आहे. मी चिटणीस. म्हणजे चहा माझ्या घरी. अध्यक्षपद मात्र रिकामंच राहिलं, कारण ते प्रत्येकाला हवं होतं आणि प्रत्येकजण 'छे छे, मी कसला' म्हणत होता.

दर रविवारी आमच्या डायनिंग टेबलावर नकाशा अंथरला जाई. तांत्रिक सल्लागार त्यावर बोट फिरवून म्हणे, "हे बघ, इथून इथे. जेमतेम वीत." ही वीत म्हणजे पुण्याहून अमृतसर गाठावं एवढी. वाटेत आपले बालेवाडी, शिर्डी, धुळे, इंदूर काही नाही. दोन-तीनशे किलोमीटर पेट्रोलपंपच नाही अशाही जागा आहेत. "मग लोक पेट्रोल कुठे भरतात?" खजिनदाराने विचारलं. "लोकही नाहीत," सल्लागार म्हणाला. प्रश्न मिटला.

पहिला खरा प्रश्न होता मोटारसायकली तिथवर न्यायच्या कशा. पाकिस्तानातून जाण्याची सूचना बायकोने चहा ठेवता ठेवता एका नजरेतच फेटाळली. चीनमधून जायचं तर सरकारमान्य गाइड पूर्ण वाटभर बरोबर घ्यावा लागतो. त्याचं जेवणखाण आपल्या डोक्यावर, हे ऐकून खजिनदाराने चीन नकाशावरून काढून टाकला. राहिला समुद्र. चेन्नई ते व्लादिवोस्तोक सागरी मार्गाचं २०१९ साली दोन्ही सरकारांत ठरलं आहे, तेव्हा मोटारसायकली खोक्यात घालून बोटीने पाठवू, असं ठरलं. मग सल्लागाराने मोजलं, की व्लादिवोस्तोकहून खाबारोव्स्क, तिथून नेव्हेर, तिथून लेना महामार्गाने उत्तरेला, असं सुमारे ३,००० किलोमीटर गेल्यावर आपला रस्ता सुरू होतो. म्हणजे रस्त्यापर्यंत पोचायलाच रस्त्यापेक्षा दीडपट रस्ता.

"एवढं लांब जातोच आहोत," सल्लागार म्हणाला, "तर जाताजाता बैकल सरोवर करू."

हे 'जाताजाता' मराठी माणसाच्या रक्तात आहे. आपण अष्टविनायकाला निघालो तरी जाताजाता भीमाशंकर करतो आणि येताना देहू-आळंदी. एवढे पैसे घालून घराबाहेर पडलोच आहोत तर एखादं ठिकाण राहिलं ही बोच जन्मभर कोण सोसणार? बैकलमागून बैकल-अमूर रेल्वेच्या कडेचा कच्चा रस्ता आला आणि त्यावरचा व्हितिम नदीचा पूल आला. या पुलाचा फोटो सल्लागाराने मोठ्या प्रेमाने दाखवला. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी स्लीपर, मध्येमध्ये फटी, एका गाडीपुरती रुंदी, कठडा नाही, खाली नदी. "अर्ध्या किलोमीटरहून जास्त आहे," तो म्हणाला. खजिनदार फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, "समोरून कुणी आलं तर?" सल्लागार म्हणाला, "तिथे समोरून कोण येणार?" कुणीच येत नाही अशा ठिकाणी आपण का चाललोय, हा पुढचा प्रश्न विचारण्याइतका चहा शिल्लक नव्हता.

याच सुमारास खजिनदाराला कुठूनतरी अफानासी निकितिन सापडला. त्वेर गावचा हा व्यापारी पंधराव्या शतकात एक घोडा घेऊन समुद्रमार्गे चौलला उतरला आणि तिथून जुन्नरला आला. जुन्नरला पावसाळा लागला. चार महिने पाणी आणि चिखल, माणूस अडकून पडला. वर तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, आणि तो सोडवायला याला बड्या माणसाच्या ओळखीने वशिला लावावा लागला. हे सगळं त्याने लिहून ठेवलं आहे. रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे. "म्हणजे बघ," खजिनदार म्हणाला, "आपला चिखल, आपलं कस्टम्स आणि आपला वशिला यांची कीर्ती रशियात साडेपाचशे वर्षांपूर्वी पोचलेली आहे. परतभेट द्यायलाच हवी." मोहिमेला एकदम ऐतिहासिक वजन आलं. निकितिन निघाला तेव्हा त्याची समिती नव्हती, हे मात्र इतिवृत्तात नोंदवलं गेलं नाही.

त्यानंतर किती रविवार लेना नदीत गेले सांगता येणार नाही. याकुत्स्क हे तीन लाखांहून अधिक वस्तीचं शहर, पण तिथे या नदीवर अजून पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट आणि हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरूनच गाड्या. बर्फ धड धरलेलंही नाही आणि धड सुटलेलंही नाही, अशा दिवसांत नदी कुणाचंच ऐकत नाही. फेरीचं भाडं, मोटारसायकलचं वेगळं की माणसासकट, बोट चुकली तर मुक्काम, अशी तरतूद खजिनदाराने अंदाजपत्रकात केली. शेवटी एकदा मुलगी पाणी प्यायला आली, नकाशावर वाकली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही येताय तो रस्ता नदीच्या अलीकडेच संपतो. आणि पुढचा रस्ता पण अलीकडूनच सुरू होतो. निझ्नी बेस्त्याखहून. नदी ओलांडायचीच कशाला?"

शांतता पसरली. मग खजिनदार म्हणाला, "ओलांडू. रक्कम मंजूर झालेली आहे."

ऋतूवर तर समिती फुटायची वेळ आली. या महामार्गाच्या परिसरात ओयम्याकोन आहे. १९३३च्या फेब्रुवारीत तिथे उणे ६७.७ अंश तापमान नोंदलं गेलं. तेव्हा हिवाळा बाद, असं मी म्हणालो. पण सल्लागाराच्या अभ्यासानुसार खरा पक्का रस्ता हिवाळ्यातच असतो. नद्या गोठतात, चिखल दगड होतो आणि ट्रक बिनदिक्कत धावतात. उन्हाळ्यात तेच सगळं सुटतं. नद्या वाहतात, पूल वाहतात, कच्च्या रस्त्याचा रबडा होतो, आणि डास व त्यांची चिल्लीपिल्ली भावंडं हेल्मेटच्या काचेआड बिऱ्हाड करतात. खजिनदाराने पेन्सिल खाली ठेवून सारांश काढला, "म्हणजे थंडीत रस्ता असतो पण माणूस टिकत नाही, आणि उन्हाळ्यात माणूस टिकतो पण रस्ता नसतो." शेवटी जुलै ठरला, कारण जूनमध्ये त्याच्या भाच्याची मुंज होती.

जून-जुलैत तिकडे धड अंधार पडत नाही, ही माहिती नंतर आली. तीत आणखी एक भर. रशियात अकरा टाइमझोन आहेत आणि मगदान आपल्या साडेपाच तास पुढे आहे. खजिनदाराची वामकुक्षी कुठल्या घड्याळाप्रमाणे, यावर तासभर बोलणं झालं. बायकोचा मुद्दा वेगळाच होता. "पोचल्यावर फोन करा," ती म्हणाली. मी म्हणालो, "अगं, तिथे शेकडो किलोमीटर रेंजच नाही." ती म्हणाली, "मग रेंज आहे तिथे थांबा, फोन करा आणि मग पुढे जा." तिच्या हिशेबात आम्ही पहिल्याच गावात थांबलो होतो.

रस्त्याच्या इतिहासाचं पान उघडलं त्या रविवारी चहा गार झाला. १९३२पासून, स्टालिनच्या राजवटीत, गुलाग छावण्यांतल्या कैद्यांना राबवून हा रस्ता काढला. थंडीने, उपासमारीने आणि कष्टाने किती मेले याचा हिशेब कुणाकडे नाही. लोक त्याला 'हाडांचा रस्ता' म्हणतात. यावर विनोद करायचा नाही, असा ठराव समितीने एकमताने केला. समितीने आजवर पाळलेला हा एकमेव ठराव.

मग प्रश्न आला जुन्या रस्त्याचा की नव्याचा. नवा रस्ता उस्त-नेरावरून जातो, त्यावर ट्रक चालतात, बऱ्यापैकी खडी आहे. जुना रस्ता तोमतोर गावावरून जातो, तो सोडून दिलेला, पूल पडलेले, नद्या पाण्यातून पार करायच्या. सल्लागाराचा अर्थातच जुना. त्याने पुरावा म्हणून २००४ सालची ती गाजलेली मालिका काढली, ज्यात युअन मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून मोटारसायकलवर निघून याच रस्त्याने मगदानला पोचले. खजिनदाराने सगळे भाग पाहिले. पुढच्या बैठकीला तो म्हणाला, "अरे, नद्यांना पाणी होतं तेव्हा त्यांच्या मोटारसायकली ट्रकवर चढवल्या."

"हो, तेवढंच."

"मग आपण मोटारसायकली न्यायच्याच कशाला? सरळ ट्रकच सांगू."

हे बोलणं सल्लागाराला इतकं लागलं, की त्याने सुट्या भागांची यादी वाढवून सूड घेतला. क्लच प्लेट, क्लच केबल, त्या केबलला केबल, चेन, स्प्रॉकेट, ट्यूब, टायर. यावर खजिनदाराने पुतिन काढले. २०१० साली चिता ते खाबारोव्स्क या नव्या अमूर महामार्गाची जाहिरात म्हणून पुतिन स्वतः पिवळी लाडा कलिना चालवत निघाले होते. ताफ्यात तशाच आणखी पिवळ्या कलिना असल्याची चित्रफीत लोकांनी फिरवली. "सुटे भाग न्यायचे नसतात," खजिनदार म्हणाला, "सुटी गाडीच न्यायची असते." तेव्हापासून यादीत 'मोटारसायकल, जादा, नग १' अशी नोंद आहे.

पेट्रोलची तिकडची रीत खजिनदाराला फार आवडली. पंपावर आधी खिडकीत जायचं, कितीचं हवं ते सांगायचं, पैसे मोजायचे, मग नळी हातात घ्यायची. "शिस्त!" तो म्हणाला. "पण टाकीत किती मावेल ते आधी कसं कळणार?" मी विचारलं. "उधार नाही एवढं कळलं तरी पुरे." पण २०२२च्या मार्चपासून आपली व्हिसा-मास्टरकार्डवाली कार्डं तिकडे चालत नाहीत, हे ऐकल्यावर त्याचाही चेहरा उतरला. सगळे पैसे रोख न्यायचे. त्याच्या बायकोने बनियनला चोरखिसे शिवून दिले. एक छातीवर, एक पोटावर, एक पाठीत. पाठीतल्या खिशातून पैसे काढायचे तर तिसऱ्या माणसाची मदत लागते, म्हणजे पंपावर रोज दोघांनी मिळून खजिनदाराला सोलायचं.

पोटापाण्याचा विषय मी स्वतः मांडला, कारण माझी एक जुनी भीती होती. मला अस्वलांचं काही वाटत नाही. कोलिमा खोऱ्यात अस्वलं आहेत, असोत बापडी. मला भीती शेपूची. रशियात शेपू सुपावर असतो, बटाट्यावर असतो, काकडीवर, कोशिंबिरीत, पेल्मेनी नावाच्या त्यांच्या मोदकांवर असतो, इतकंच काय शेपूच्या चवीचे वेफर्सही मिळतात. लहानपणी शेपूची भाजी संपेपर्यंत पानावरून उठायचं नाही, अशी शिक्षा मी भोगलेली आहे. मी आयुष्यभर ज्याच्यापासून पळालो, त्याच्याच मुलखात २,००० किलोमीटर मोटारसायकल हाकत चाललो होतो. बायको म्हणाली, "बरं होईल. चार दिवसांत सवय लागेल." तिने हे ज्या उत्साहाने म्हटलं, त्यावरून मोहिमेला तिचा पाठिंबा आहे हे मला पहिल्यांदा जाणवलं.

मग सामान जमू लागलं, आणि तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सामानाची यादी म्हणजे मुळात भीतीची यादी. प्रत्येकजण ज्याला भितो, त्याचं एकेक किलो बांधून घेतो. खजिनदार चोरांना भितो. जिथे शंभर किलोमीटरमध्ये माणूस नाही, तिथे मोटारसायकलला लावायला त्याने लोखंडी साखळी आणि सात लिव्हरचं कुलूप आणलं. सल्लागार पंक्चरला भितो. त्याच्या पंपाला जोडायला आणखी एक पंप होता. मी पोटाला भितो. मेतकूट, भडंग, चिवडा, इसबगोल, आणि इसबगोल जास्त लागू पडला तर त्यावरच्या गोळ्या. बायकोने छोटा कुकर घातला. "वरणभात तरी होईल," ती म्हणाली. अस्वलासाठी शिट्टी घ्यायची ठरली होती. कुकर आल्यावर ती वगळली.

हे सगळं मोटारसायकलवर बसतं का, याची चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पहाटे घ्यायची ठरली, बघे नसतात म्हणून. सल्लागाराने एकाकडून मोटारसायकल मागून आणली. तिचं स्वतःचंच वजन दोनशे किलोच्या आसपास. त्यावर मागे पेट्या, बाजूला झोळ्या, टाकीवर पिशवी, पेट्यांवर टायर, टायरच्या पोकळीत कुकर. सल्लागार बसला. स्टँड काढला. गाडी घाई न करता, अगदी सावकाश, विचार करून डावीकडे आडवी झाली. सल्लागार उतरायची वेळ न येता जमिनीवर पोचला. कुकरचं झाकण गडगडत गेटपर्यंत गेलं.

आम्ही तिघांनी जोर लावला. गाडी हलेना. खजिनदार पाठीतल्या चोरखिशामुळे वाकेना. सल्लागार सूचना देत होता, "हँडल आत वळवा, पाठ गाडीला लावा, पायांवर जोर घ्या, सगळं शास्त्र आहे यात." तेवढ्यात दूधवाला आला. त्याच्या शंभर सीसीच्या गाडीला दोन्ही बाजूंना दुधाचे भरलेले कॅन होते. त्याने गाडी लावली, आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि बोलायच्या आधी एकेक दोरी सोडून पेट्या, झोळ्या, टायर, सगळं बाजूला केलं. मग एकट्याने गाडी उभी केली.

"आधी सामान काढायचं असतं साहेब," तो म्हणाला. "कुठं निघालात?"

"रशिया."

"पाऊस आहे का तिकडं?"

"चिखल आहे."

"मग काय, आमच्या गावचाच रस्ता," असं म्हणून तो दोन लिटर म्हशीचं देऊन निघून गेला. कॅन बांधायला त्याने कुठलं शास्त्र वापरलं होतं ते सल्लागाराला शेवटपर्यंत कळलं नाही. साध्या सुतळीची एक गाठ होती.

यानंतर समितीने मोहीम पुढे ढकलली. रद्द नाही, रद्द करायला अध्यक्षांची सही लागते, आणि अध्यक्ष नाहीत. २०२३पासून भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा घरबसल्या मिळू लागला आहे, या बातमीने तर समितीचा घरीच बसण्याकडचा कल आणखी बळावला. बैठका चालूच आहेत, उलट त्यांना रंग भरला आहे. जाण्याचा ताण गेल्यामुळे आता आम्हाला व्हितिमचा पूल ओलांडायला भीती वाटत नाही. मागच्या बैठकीत आम्ही तो पावसात ओलांडला. शिवाय आमचं नाव झालं आहे. "कोलिमाचं विचारायचं तर त्यांना विचारा," असं लोक एकमेकांना सांगतात.

तसाच एक तरुण मुलगा विचारायला आला. कुणीतरी पाठवला होता. आम्ही त्याला टेबलाशी बसवून जुना रस्ता, नवा रस्ता, टायरचा दाब, चोरखिसे, जादा मोटारसायकल, सगळं समजावलं. तो नम्रपणे ऐकत होता. निघताना त्याने विचारलं, "काका, तुम्ही कधी गेला होता?"

खजिनदाराने चष्मा पुसला आणि म्हणाला, "आमचं अजून चालू आहे."

तो पोरगा एक पाठपिशवी घेऊन विमानाने व्लादिवोस्तोकला उतरला, तिथे भाड्याने हलकीशी मोटारसायकल घेतली आणि गेला. यादी नाही, अंदाजपत्रक नाही. अधूनमधून रेंज मिळाली की फोटो पाठवायचा. एका फोटोत ट्रकवाल्यांच्या घोळक्यात बसून सूप पीत होता, आणि मी मोबाइल अर्ध्या हाताच्या अंतरावर धरूनही त्या सुपावरचा शेपू ओळखला. शेवटचा फोटो मगदानच्या वेशीवरचा. गाडीचा रंग कोणता हे सांगता येऊ नये इतका चिखल, आणि त्यातून पोराचे फक्त दात दिसत होते.

समितीची तातडीची बैठक झाली. फोटो तिघांनी आळीपाळीने पाहिला. सल्लागाराने तो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवून जवळ नेला.

"बघ," तो म्हणाला, "चेन ढिली आहे."

खजिनदाराने मान हलवली, मी इतिवृत्तात नोंद केली, आणि बायकोने आत जाऊन पुन्हा चहा टाकला.